शेपटीवर बसलेलं विमान

१४ ऑगस्ट १९८३, रविवार. आर्वी

ओमप्रकाश आला आणि गेला. दोन दिवस घरात, बाकी वर्षभर जहाजावर. पोरगा आहे की पाहुणा तेच कळत नाही. या खेपेला माझ्या रिटायरमेंटची भेट म्हणून विलायतेहून एक खोकं घेऊन आला. झाकणावर चित्र. चार इंजिनांचं, दोन शेपट्यांचं, पोट सुटलेलं विमान, आणि खाली कोणाचं तरी जळतं शहर.

"बाबा, ओळखा."

मी म्हटलं, "लेका, ज्याच्या पोटाखाली मी सहा वर्षं उताणा पडून होतो, त्याले ओळखणार नाई काय?"

लिबरेटर. महायुद्धातलं जड बॉम्बफेकी विमान. लढाई संपल्यावर गोरे लोक ती मोडून टाकून गेले. आपल्या विमानदळानं ठोकून-ठाकून पुन्हा उडवली. ठोकणाऱ्यांत एक मी, बाबाराव, फिटर. नंतर वीस वर्षं एसटीच्या डेपोत गाड्या ठोकल्या. आता ठोकायला काही उरलं नाही, म्हणून पोरानं हे दिलं असावं.

खोक्यात विमान नाही, विमानाचा भाजीपाला आहे. प्लास्टिकच्या काड्यांना शेंगांसारखे लटकलेले शंभरेक तुकडे, डिंकाची नळी, आणि एक भलामोठा इंग्रजी कागद, कोणता तुकडा कुठे लावायचा त्याचा. कागद मी घडी करून कपाटावर टाकला. मला लिबरेटर जोडायला शिकवणं म्हणजे आईला आजोळच्या गोष्टी सांगणं.

नखाएवढी माणसंही आहेत. देवकानं तळहातावर घेऊन मोजली. "आठ हाय," म्हणाली.

"मले मोजता येते," मी ओरडलो. बायकोवर ओरडायचं काही कारण नव्हतं.

जेवताना ओमनं शेजारून कांदा मागून आणला. आपल्या घरात कच्चा कांदा येत नाही, मला चालत नाही. "वऱ्हाडातला माणूस अन् कांदा नाई खात," तो हसला. पित्त आहे, मी म्हटलं. बत्तीस वर्षं हेच सांगतो.

शाळेत शिकलो ती भाषा मी इथे लिहितो आहे. रागात घरची निघेल, तिला इलाज नाही.

२१ ऑगस्ट, रविवार

पंख झाले. बॉम्बच्या दाराला हात लावला आणि हसू आलं. लिबरेटरचं ते दार दुकानाच्या शटरसारखं वर गुंडाळत जातं. एकदा त्यात माझी टोपी अडकली होती आणि गुलाब पोट धरून हसला होता.

नाव आलंच शेवटी. आलं तर लिहून टाकतो.

गुलाब सेलूचा. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच फिटर. तळावर आम्ही दोघंच वर्धा जिल्ह्यातले, त्यामुळे भांडणसुद्धा आपल्या बोलीत करायला मिळायचं. तिकडे नियम होता. ज्यानं इंजिन दुरुस्त केलं, त्यानं चाचणीच्या उड्डाणात सोबत बसायचं. नियम चांगला. नट ढिला सोडणाऱ्याला आपल्याच जिवाची भीती राहते. विमानात सात माणसं, आठवा फिटर. त्याची जागा मागच्या बाजूला, विमानाच्या कमरेजवळच्या खिडकीशी.

१९५१चा जानेवारी. दुरुस्ती आम्ही दोघांनी केली, सही माझी, पाळी माझी. सकाळी मला ताप आला. गुलाब म्हणाला, मी जातो. यादीवर नाव माझंच राहिलं. मला शहरातल्या दवाखान्यात पाठवलं, त्याचा कागद तळावर पोचलाच नाही, आणि तिकडे विमान डोंगरात पडून जळालं. ओळखायला काही उरलं नाही. यादीत बाबाराव, म्हणून तार माझ्या घरी. हजेरीला गुलाब नाही, म्हणून गुलाब पळाला असं लिहून त्याच्या मायला पत्र. म्हणे, लपवून ठेवाल तर गुन्हा होईल. पोलीस घरी जाऊन कणगी उचकून आले म्हणतात.

बारा दिवसांनी मी चालत तळाच्या फाटकाशी आलो तेव्हा कारकुनाच्या हातातला टाक खाली पडला.

मग सगळं दुरुस्त झालं. तारा गेल्या, पत्रं गेली. नोकरीत होतो तोवर तळावर आणि नंतर आर्वीला, मी कधी सेलूला उतरलो नाही. गाडी सेलूवरून गेली तर दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून पाहतो. तानाबाई तिचं नाव, गुलाबच्या मायचं. असेल तर पंचाहत्तरीच्या पुढे असेल. नसेलही.

२८ ऑगस्ट

विमान पूर्ण झालं. आठही माणसं आत बसवून, दोन्ही बाजू चिकटवून, खालची चाकं लावली. आठव्याला निळा रंग दिला, आपल्या कामाच्या कपड्यांचा. टेबलावर ठेवलं.

नाक वर उचललं आणि शेपटीवर बसलं.

पुन्हा चाकांवर ठेवलं. पुन्हा शेपटीवर. एखादं माणूस मागच्या बाजूला जाऊन बसावं तसं, सावकाश. देवका दारात उभी होती. म्हणाली, "मांगं जड झालं."

चाकं तपासली. माप बरोबर. चाळीस वर्षं माप चुकलेलं नाही.

४ सप्टेंबर

काल खिडकीचा तुकडा काढून चिमट्यानं आठवा बाहेर ओढला. नखाएवढ्या माणसाचं वजन ते काय, तांदळाच्या दाण्याएवढं. तरी काढला. औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवला. विमान टेबलावर ठेवलं.

शेपटीवर.

मागे कोणी नाही आणि मागे जड. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. डेपोत लोक गाडीला लिंबू-मिरची बांधायचे, मी तोडून टाकायचो. पण दुपारभर त्या खोलीत गेलो नाही, हे खरं आहे.

देवका आज सकाळी सेलूला गेली, मावशीकडे. दर महिन्याला जाते. पिशवीत ज्वारी, तुरीची डाळ, कधी जुनं लुगडं. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "तुही मावशी हाय का सरकारी खातं? एक महिना चुकत नाई." ती म्हणाली, "चुकून चालत नाई." संध्याकाळी आली तेव्हा थकलेली होती. वर्ध्याला गाडी बदलायची म्हणजे या वयात हाल आहेत.

१० सप्टेंबर

डबीतला आठवा नाही.

डबी बंद होती. झाकण मी स्वतः दाबलं होतं. कपाट झाडलं, खाट उचलली, उंदराची बिळं पाहिली. देवकाला विचारलं, "तू घेतला काय?" ती म्हणाली, "मले काय करायचा तो?" आणि पीठ मळत राहिली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं आहे. मी काही चोरलेलं नाही आणि घरातली प्रत्येक वस्तू माझ्याकडे पाहते आहे.

१८ सप्टेंबर

महादेवराव काका आले. नव्वदीला टेकले, पण तोंड थांबत नाही. विमान पाहिलं आणि त्यांना माझा दहावा आठवला. होय, माझाच. तार आल्यावर घरच्यांनी दर्भाचा पुतळा जाळला, दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. देवकाच्या बांगड्या फोडलेल्या. अठरा वर्षांची होती.

काका हसत हसत सांगत होते. "कावळा शिवेच ना! मी म्हणलं, बाबाराव, बायकोले नांदवू. नाई शिवला. वावर इकणार नाई. नाई शिवला. साऱ्याइच्या डोक्यावर ऊन. मंग घाबरून मी म्हणलं, तुह्या मायले पाहू रे बाप्पा! अन् खटकन शिवला! तुही माय त तू पाच वर्साचा असतानाच मेली होती. म्हातारपणाआधीच माही बुद्धी भरकटली!"

देवकानं चहाचे कप उचलले आणि आत गेली. काकांचा हा किस्सा तिनं शंभरदा ऐकला असेल, पण ती कधी हसत नाही. मीही हसतो तो वरवर. जिवंत माणसाचा पिंड कावळ्यानं नेला. मग तो कोणाला पोचला?

मी परत आलो तर भटजी म्हणाले, याचा पिंड पडला, हा मेला, याला पुन्हा जन्माला घाला. मला न्हाऊ-माखू घालून पाळण्याची दोरी हातात दिली, बारसं केलं, देवकाशी पुन्हा लग्न लावलं. गाव हसून लोळलं. तिला नव्या बांगड्या भरल्या तेव्हा ती इतकी थरथरत होती की कासारणीला हात धरून बसावं लागलं. त्या आधीच्या बाबारावाचं काय झालं, असं मला कोणी विचारलं नाही. तो खिडकीशी बसून गेला, असं मी मनाशी म्हणत आलो.

२५ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष लागला आहे. आता खरं लिहितो. ही वही माझ्यामागे ओमच्या हाती पडली तर पडो.

मला ताप नव्हता.

मी विमान दुरुस्त करायचो, पण उडायला घाबरायचो. पहिल्या दोन चाचण्यांत मी कपडे खराब केले होते. त्या सकाळी जेवणघरातून कांदा उचलला, फोडून काखेत धरला आणि तासभर उन्हात बसलो. अंग तापतं म्हणतात, शाळकरी पोरं करतात. तापलं. डॉक्टरनं तापाची नळी पाहिली आणि मलेरिया म्हणाला. गुलाबनं माझ्या अंगावर घोंगडी टाकली. वाकला तेव्हा त्यानं नाकानं हुंगल्यासारखं केलं. "कांद्याचा वास कुठून येऊन राह्यला बे?" म्हणाला. मी डोळे मिटून घेतले. त्याला कळलं होतं काय? कळलं असेल आणि तरी गेला असेल काय? बत्तीस वर्षं मी या एका प्रश्नावर उभा आहे.

कांदा मी नंतर तोंडात घातला नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे न खाता खवखवतंय.

विमान तिथेच आहे. शेपटीवर. मी त्यावर टॉवेल टाकला.

४ ऑक्टोबर

उद्या घातचतुर्दशी. अपघातानं, हत्यारानं गेलेल्यांचं पान त्या दिवशी वाढतात. मी देवकाला म्हटलं, "उद्या एक पान जास्त वाढजो. गुलाबच्या नावानं."

तिनं हातातलं काम खाली ठेवलं. "त्याच्या मायले इचारलं काय?"

"ते असन काय अजून?"

"हाय."

"तुले काय मालूम?"

"माही मावशी हाय ना ते," ती म्हणाली. "दर महिन्याले मी कोणाकडे जाते, तुमी कधी इचारलं?"

मी खरंच कधी विचारलं नव्हतं. बत्तीस वर्षं मी फक्त थट्टा केली.

नंतर तिनं सांगितलं ते तसंच लिहितो. "काकाजीच्या तोंडून शब्द गेला होता, तुह्या मायले पाहू. तवाच कावळा शिवला. मी तिथंच होती, कपाळ पुसलेलं. तुमी परत आले, मले आनंद झाला, खोटं काय बोलू. मंग मले वाटलं, तुमची माय त नाई. मंग शब्द कोणाच्या मायले देल्ला? दोन महिन्यानं सेलूले गेली. मामंजीनं तेव्हा त्या वस्तीत पाय ठेवू देल्ला नसता, म्हणून मावशी म्हणलं."

"ते काय म्हणते माह्याबद्दल?"

"काईच नाई म्हणत. उद्या तुमीच जा."

६ ऑक्टोबर

काल दोघं गेलो. पहाटेची गाडी, वर्ध्याला बदली, दहाला सेलू. विमान पिशवीत घेतलं होतं. का ते माहीत नाही. रिकाम्या हातानं जाववत नव्हतं एवढं खरं.

बौद्धवस्तीत कौलारू घर, स्वच्छ सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कोनाडा. कोनाड्यात माझा आठवा माणूस उभा. निळ्या कपड्यातला. देवका हळूच म्हणाली, "मीच आणला. त्याच्या मायनं त्याले कधी विमानात जायच्या कपड्यात पाह्यलं नव्हतं."

तानाबाई बाजेवर बसली होती. वाळून काडी झालेली, पण डोळे धारदार.

"आला?" म्हणाली. "बस."

मी पान वाढायचं बोललो. घातचतुर्दशी आहे, गुलाबच्या नावानं, तुमची परवानगी असेल तर. तिनं हातानंच उडवून लावलं. "ते आमी सोडलं छप्पन साली. पिंड नाई, कावळा नाई. गुलाब असता त त्यानं माह्याआधी दीक्षा घेतली असती. अन् तुह्या घरच्याइनं एक पिंड देल्ला होता ना? पुरे झाला तो."

मी विमान काढून समोर ठेवलं. ते शेपटीवर बसलं. तिनं ते निरखलं. मग कमरेजवळच्या खिडकीवर नेमकं बोट ठेवून म्हणाली, "इथं?"

"हो, माय. इथं." आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं निघालं. "माय, जागा माही होती. मले ताप नव्हता. मी भेलो होतो. कांदा काखेत धरला होता."

देवका जमिनीकडे पाहत होती. म्हातारीचा चेहरा मी पाहत होतो आणि तो माझ्यासमोर आणखी म्हातारा होत गेला.

"जागा तुही होती, ते मले मालूम हाय," ती म्हणाली. "हे पोरगी बोलली होती. पण मी साऱ्या मोहल्ल्याले सांगत आली, दोस्त तापानं फणफणला होता, त्याले उठता येत नव्हतं, म्हणून माहा गुलाब गेला. दोस्ताचा जीव वाचोला त्यानं. पोलिसानं चोराची माय केलतं मले. मी ह्या गोष्टीवर मान वर करून जगली. आता काय सांगू लोकाइले? कांदा?"

मन हलकं करायला गेलो होतो मी, लाज वाटते लिहायला. माझं ओझं मी त्या म्हातारीच्या डोक्यावर ठेवलं.

मी विचारलं, "माय, त्याले वास आला होता. त्याले कळलं असन काय?"

"माह्या पोराले मूर्ख समजतं काय तू?" एवढंच म्हणाली.

मग ती उठली. देवका आधार द्यायला गेली तर तिचा हात झटकला. चुलीपाशी गेली. ताटलीत ज्वारीची भाकर, बेसन, आणि एक कांदा. कांदा तिनं जमिनीवर ठेवून बुक्कीनं फोडला. त्या हाडांच्या मुठीत एवढा जोर कुठून आला देव जाणे. ताटली माझ्यासमोर सरकवली आणि समोर बसली.

"खाय."

"माय, मी कांदा..."

"मालूम हाय. ह्या पोरीनं सांगतलं, घरात कांदा येत नाई म्हणून. तवा समजलं नव्हतं मले. खाय."

मी खाल्ला. तोच वास, तोच उन्हात तापलेला ओटा, घोंगडी टाकणारे हात. डोळ्यांतून धारा लागल्या.

"रडू नको."

"कांद्यानं पाणी येते, माय."

"येते ना. मंग खाय."

पाकळी न् पाकळी संपेपर्यंत तिनं नजर हटवली नाही. ताटली उचलताना म्हणाली, "पुढच्या महिन्यात येजो. एकटा. हे पोरगी थकली आता. इथं बसून माह्यासमोर खायचं. मी हाय तवालोक." निघताना मी कोनाड्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. "तो राह्यते इथं."

परतताना वर्ध्याला गाडी बदलली. मग देवका खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "कांद्याचं मले मालूम होतं."

"कवापासून?"

"बावन साली तुमाले खरा मलेरिया झालता. तीन दिवस बरळत होते, कांदा काढा, कांदा काढा."

"मंग बोलली काऊन नाई? तिले तरी सांगायचं."

"मी जागा बोलली, कारण ते यादीत होतं. कांदा तुमचा होता," ती म्हणाली. "तो मी कशी सांगू?"

२३ ऑक्टोबर

ओमचं पत्र आलं, कोणत्याशा बंदरातून. विमान जोडलंत का, बाबा? एक लक्षात ठेवा, दोन्ही बाजू चिकटवायच्या आधी नाकात वजन घालायचं असतं, शिशाचा तुकडा वगैरे. नाहीतर ते शेपटीवर बसतं. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे.

कपाटावरचा कागद काढला. लिहिलं आहे. मोठ्या अक्षरांत, चौकटीत. हात दाखवून अवलक्षण. मी एकटाच मोठ्यानं हसलो, मग हसू थांबेना, मग देवका आतून धावत आली.

तिनं पत्र ऐकून घेतलं. "मंग आता फोडून नाकात टाका काईतरी."

"नको," मी म्हटलं. "बसू दे तसंच."

तिनं टॉवेल उचलून धुवायला नेला. खिडकी रिकामी आहे, मागे कोणी नाही, शिशाचा हिशोब मला आता समजला आहे. तरी संध्याकाळी त्या खोलीतून जाताना मी थोडा कडेनं जातो, कोणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून.

५ नोव्हेंबर, शनिवार

उद्या सेलू. गाडी सहा वाजता. देवकानं पिशवी भरून दिली. ज्वारी, डाळ, दिवाळीचे अनारसे. मी बाजारातून कांदे आणले आणि त्यातला एक, मोठा, वरून ठेवला.

"तिच्या घरी कांदे नाई काय?" देवकानं विचारलं.

"असन. पण हा माहा हाय," मी म्हटलं.